डाउनपाइप बदलला आणि टर्बो रुसला

टर्बो पेट्रोल गाडीच्या एक्झॉस्टला हात लावला, पाइप बदलून घेतला, आणि त्यानंतर गाडीने ओढायचं सोडलं, मधूनच चेक लाईट लागायला लागला, वर जो भेटेल तो वेगळंच कारण सांगतोय, अशा फेऱ्यात कुणी अडकलं असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझं प्रकरण २०२५च्या जानेवारीत सुरू झालं आणि मे संपता संपता मिटलं. तांत्रिक शिक्षण माझं काही नाही, मी हिशेबनीस आहे. पण आकडे बघायची सवय इथे फार कामाला आली.

गाडी २०१६ची, १.२ लिटरची चार सिलिंडरची टर्बो पेट्रोल हॅचबॅक. बीएस-४, हातानं टाकायचे गिअर, ऐंशी हजारांच्या पुढे चाललेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे झालं त्यात कंपनीचा काही हात नाही.

मूळ सायलेन्सर मागच्या डब्यापाशी गंजून फुटला होता. सर्व्हिस सेंटरने पूर्ण असेंब्लीचे बावीस हजार सांगितले. इतके घालायचेच तर पुढचा डाउनपाइपही मोकळा करून घ्यावा, असं बरेच दिवस डोक्यात होतं. डाउनपाइप म्हणजे टर्बोच्या तोंडापासून खाली उतरणारा पाइप. माझ्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, त्यातच बसवलेला आहे, आणि धूर सगळ्यात जास्त अडतो तो तिथेच. पुण्याच्या भोसरी एमआयडीसीत स्टेनलेस स्टीलचे पाइप वाकवून, आर्गन वेल्डिंग करून देणारे बरेच आहेत. चौकशी करून एकाला काम दिलं. अडीच इंची, ३०४ ग्रेडचा पाइप. मूळ कन्व्हर्टरच्या जागी दर चौरस इंचाला २०० भोकं असलेला मोकळा कन्व्हर्टर, ज्याला सगळे ‘दोनशे सेल’ म्हणतात. मागचा डबा मात्र मूळच्यासारखाच बंदिस्त, कारण रात्री अकराला सोसायटीत गाडी लावताना कुणाची झोपमोड करायची मला हौस नाही. कन्व्हर्टर १४,५००, पाइप आणि वेल्डिंग ११,०००, मागचा डबा ६,०००, खोलाखोली आणि बसवणी ३,५००.

काम संपल्यावर तिथला मुलगा म्हणाला, “जुने पाइप राहू द्या ताई, आम्ही लावतो विल्हेवाट.” मी नको म्हटलं. जुन्या कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारवाल्यांचा डोळा त्यावरच असतो. पैशाचं सोडा, पण मूळ कन्व्हर्टर हातचा गेला की परत फिरायची वाट बंद होते. तेव्हा पोत्यात गुंडाळून का होईना, तो घरी आणा.

पाइप बसला १८ जानेवारीला, शनिवारी. रविवारी शहरात फिरवली तर गाडी मस्त. कमी आरपीएमला उलट हलकी वाटत होती. सोमवारी सकाळी ऑफिसच्या तिघी बरोबर होत्या. वारज्याहून चांदणी चौकाचा चढ लागला, ट्रक मागे टाकायला तिसऱ्यात घेऊन पाय दाबला आणि गाडी आवाज करत राहिली, पुढे जाईना. थोड्या वेळाने पिवळा चेक लाईट लागला आणि उरलासुरला जोरही गेला. हिंजवडीपर्यंत डावीकडून रांगत गेलो. गाडी बंद करून चालू केली की जोर परत यायचा, लाईट मात्र तसाच. याला लिम्प मोड म्हणतात: इंजिनाच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, काहीतरी बिनसल्याचं कळलं की तो टर्बोचा दाब कमी करून गाडी जपून चालवतो. घाबरायचं कारण नाही, पण तशीच हायवेला दामटूही नये.

मग सल्ले सुरू झाले. पाइप बसवणारा म्हणाला, “दोन-चार दिवस चालवा, सेट होईल.” ऑफिसमधले एक गाडीवेडे म्हणाले, “बॅक प्रेशर गेलं, दुसरं काय.” एका ट्यूनिंगवाल्याने गाडी न बघता फोनवरच ईसीयू रीमॅपचे, म्हणजे त्या कॉम्प्युटरमधलं प्रोग्रॅमिंग बदलण्याचे, ३२,००० सांगितले, रीमॅप केल्याशिवाय या पाइपवर टर्बो चालणारच नाही म्हणे. सर्व्हिस सेंटरमध्ये पाचशे रुपये घेऊन स्कॅन मारला, कोड आला पी०२९९, म्हणजे मागितला तेवढा बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा जादा दाब) मिळत नाही. त्यांनी तो पुसला, ‘बाहेरचं काम आहे’ असं जॉबकार्डवर लिहिलं आणि टर्बो बदलायचा अंदाज काढायचा का, असं विचारलं.

हे बॅक प्रेशरचं एकदा नीट सांगते, कारण तुम्हालाही पहिल्यांदा तेच ऐकवलं जाणार. बॅक प्रेशर म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराला पाइपात होणारा अडथळा. टर्बोची एक चकती धुराच्या जोरावर फिरते, त्याच दांड्यावरची दुसरी चकती बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. छोट्या गाडीतला टर्बो मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो. ती पहिली चकती फिरते ती तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातल्या फरकावर. म्हणजे टर्बोनंतरचा पाइप मोकळा केला की फरक वाढतो आणि टर्बो लवकर जोर धरतो. बॅक प्रेशर गेल्याने टर्बो मंदावतो हे म्हणणंच उलटं आहे. मोकळ्या पाइपने त्रास व्हायचाच तर दाब जास्त झाल्याचा होईल, कमी झाल्याचा नाही. माझ्या गाडीचा कोड कमी दाबाचा होता. तेव्हा पाइप सोडून दुसरं काहीतरी बघायला हवं, एवढं पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. काय, ते कळत नव्हतं.

म्हणून रीमॅपला हो म्हणण्याआधी मोजायचं ठरवलं. स्टिअरिंगखाली लागतो आणि ईसीयूचे आकडे मोबाइलवर दाखवतो तो ओबीडी डोंगल १,९०० रुपयांना घेतला. चारशेवाले मिळतात, पण ते मध्येच आकडे गिळतात. साध्या अॅपमध्ये फक्त प्रत्यक्ष दाब दिसतो. ईसीयू किती मागतोय हे बघायला त्या त्या कंपनीच्या गाड्यांसाठी बनवलेलं अॅप लागतं, ते वेगळं विकत घ्यावं लागलं. खर्च इथे करा. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब या दोन ओळी शेजारीशेजारी दिसल्याशिवाय सगळा अंदाजपंचे कारभार आहे.

आकडे वाचताना एक गोष्ट मला सुरुवातीला बुचकळ्यात टाकून गेली. इंजिन बंद, चावी चालू, तर सेन्सर ९५ किलोपास्कल दाखवतोय. इंटरनेटवर सगळीकडे १०१ लिहिलेलं. सेन्सर बिघडला की काय? तसं नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, इथे हवेचाच दाब ९५च्या आसपास असतो. सेन्सर एकूण दाब सांगतो, तेव्हा बूस्ट किती हे काढायला त्यातून ९५ वजा करायचे. मुंबईतल्या मित्राच्या गाडीचे आकडे आपल्या गाडीला लावताना हा फरक धरा.

२६ जानेवारीला, रविवारी पहाटे, नवले पुलावरून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढत गेलो. चढ सलग आहे आणि सुट्टीच्या दिवशी सहाच्या आधी रस्ता बराच रिकामा असतो. फोन धाकट्या भावाच्या हातात, मी फक्त गाडी चालवत होते. फोन स्टँडला लावून स्वतः बघत बसू नका. उतरतानाचा तोच पट्टा अपघातांसाठी बदनाम आहे, परत येताना गिअरमध्ये ठेवून हळू या. तिसऱ्या गिअरमध्ये १,८०० आरपीएमपासून पाय पूर्ण दाबून ४,५००पर्यंत नेलं, तेवढं पुरतं.

घरी येऊन आलेख बघितला. ईसीयू १७५ मागतोय. प्रत्यक्ष दाब पटकन १३५ला पोचलाय आणि तिथेच थांबलाय. २,३००ला १३५, ३,०००ला १३५, ४,५००ला १३५. फुटपट्टीने आखल्यासारखी सरळ ओळ. १३५मधून ९५ गेले, राहिले ४० किलोपास्कल, म्हणजे ०.४ बार.

इथे थांबून थोडं सविस्तर लिहिते, कारण अख्ख्या प्रकरणात कामाची गोष्ट कुठली असेल तर ही. हवेची नळी कुठे गळत असेल तर दाब सावकाश चढतो, मागणीच्या मागे मागे राहतो आणि आरपीएमबरोबर कमीजास्त होतो. दाब मागणीच्या वर उसळी मारत असेल तर जादा धुराला बगल द्यायचं दार, म्हणजे वेस्टगेट, वेळेवर उघडत नाहीये. आणि एका आकड्यावर येऊन सरळ ओळ होत असेल, तर वेस्टगेटच्या स्प्रिंगचाच तो आकडा असण्याची शक्यता दाट. स्प्रिंग जेवढं धरून ठेवते तेवढा दाब मिळतोय, त्याच्या वरचा कारभार बघणारा व्हॉल्व्ह कामच करत नाहीये. काही गाड्यांत वेस्टगेट विजेच्या मोटरवर चालतं, त्यांचं गणित वेगळं. माझ्या गाडीतलं हवेच्या दाबावर चालतं.

हा आलेख घेऊन १ फेब्रुवारीला आमच्या वारज्यातल्या जुन्या गॅरेजमध्ये गेले. तिथल्या काकांना मोबाइलवरचे आलेख फारसे पटत नाहीत. ते म्हणाले, “आधी लीकेज बघू.” पत्र्याच्या डब्यात बेबी ऑइल तापवून केलेलं त्यांचं धुराचं यंत्र आहे. टर्बोच्या तोंडाशी ते जोडलं आणि हळूहळू धूर सोडला. टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या खालच्या नळीपाशी बारीक रेघ दिसली. पाइप काढताना ती नळी बाजूला केली होती आणि क्लिप तिरकी बसली होती. क्लिप बदलली, चाळीस रुपये. ट्रायल मारली, आलेख तसाच. १३५.

मग मी बूस्टच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हबद्दल विचारलं, म्हणजे ईसीयूच्या आज्ञेवर चालणारा, मघाशी म्हटलेला तोच व्हॉल्व्ह. हाताच्या अंगठ्याएवढी काळी वस्तू, तिला तीन बारीक नळ्या. एक टर्बोच्या दाबाच्या बाजूकडून येते, एक वेस्टगेटचं दार हलवणाऱ्या अॅक्च्युएटरकडे जाते, तिसरी एअर फिल्टरनंतरच्या पाइपात सुटते. काका टॉर्च घेऊन वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “हे असंच होतं का पहिल्यापासून?” सुदैवाने डिसेंबरमध्ये विम्याच्या नूतनीकरणासाठी बॉनेट उघडून फोटो काढले होते. फोटो मोठा करून बघितला. त्यात पांढऱ्या खुणेची नळी वरच्या बोंडीला होती, आता खालच्या बोंडीला. बसवताना जागा करायला व्हॉल्व्ह बाजूला काढला होता आणि परत लावताना दोन नळ्यांची अदलाबदल झाली होती.

परिणाम गमतीशीर होता. ईसीयूला दाब जास्त हवा असला की तो व्हॉल्व्हला अॅक्च्युएटरकडची हवा सोडून द्यायला सांगतो, म्हणजे वेस्टगेट बंद राहतं. नळ्या उलट्या असल्यामुळे त्याच आज्ञेने अॅक्च्युएटरला टर्बोचा पूर्ण दाब मिळत होता. इंजिन जितकं जास्त मागायचं, तितकं दार जास्त उघडायचं. शहरात हलक्या पायाने चालवताना मागणीच कमी, म्हणून तिथे काही कळत नव्हतं.

नळ्या बदलल्या. काकांनी पैसे घेतले नाहीत, धुराच्या तपासणीचे तेवढे सहाशे घेतले. संध्याकाळी पुन्हा ट्रायल: मागणी १७५, दाब १७४, तोही १,९०० आरपीएमलाच. मूळ पाइपवर हे २,१००च्या आसपास होतं, असं पुढे तो परत चढवल्यावर दिसलं. म्हणजे मोकळ्या पाइपचा फायदा खरा होता, आणि बत्तीस हजारांच्या रीमॅपशिवाय होता. मला मनापासून आनंद झाला. पाइप बसवणाऱ्याला फोटो पाठवला, त्याने ‘ओके ताई’ असा निरोप आणि हात जोडल्याची खूण पाठवली.

इथेच संपलं असतं तर हे लिहायला बसले नसते.

फेब्रुवारी छान गेला. पाडव्याला बहिणीकडे ठाण्याला गेलो होतो, ३० मार्चला संध्याकाळी एक्स्प्रेसवेने परत येत होतो. खोपोलीनंतरच्या घाटात पुढचा कंटेनर मागे टाकायला वेग घेतला तर गाडी एकदम सुसाट निघाली, माझ्या अंदाजापेक्षा जास्तच, आणि दुसऱ्याच क्षणी असा झटका बसला की मागे झोपलेली आई पुढच्या सीटवर आपटता आपटता वाचली. चेक लाईट. पुन्हा लिम्प. यावेळी भीती वाटली, कारण मागे ट्रक होता. हॅझार्ड लावून डावीकडच्या लेनमध्ये आले आणि लोणावळ्याला बाहेर पडेपर्यंत तशीच आले. डोंगल गाडीतच असतो. कोड पी०२३४, दाब मर्यादेबाहेर. आकडा २०५पर्यंत गेलेला दिसला. ईसीयूने थ्रॉटल बंद करून इंजिन वाचवलं, झटका त्याचाच.

घरी आल्यावर ट्यूनिंगवाल्याचं वाक्य आठवलं आणि खरं सांगायचं तर तासभर वाटलं, त्याचंच बरोबर असेल. मोकळ्या पाइपने दाब जास्त होऊ शकतो हे मीच म्हणत होते की. वेस्टगेटचं भोक लहान असेल तर मोकळ्या पाइपवर ते पुरं पडत नाही आणि वरच्या आरपीएमला दाब सरकत वर जातो. पण तसं असतं तर फेब्रुवारीतही दिसलं असतं. आणि सरकत वर जाणं वेगळं, अशी उसळी वेगळी.

५ एप्रिलला काकांकडे गेले तेव्हा घरचा सायकलचा पंप घेऊन गेले. दाबाचा काटा असलेला उभा पंप आहे, मुलाच्या सायकलसाठी घेतलेला. अॅक्च्युएटरला थेट छोटी नळी लावून हळूहळू हवा भरली. ०.३५च्या पुढे काटा गेला तशी दांडी सरकायला लागली, आणि पंप थांबवला तर काटा जागेवर. म्हणजे अॅक्च्युएटर धडधाकट. मग गाडीच्या मूळ नळीतून भरून बघितलं. पंपाचा दट्ट्या खाली जातोय, काटा शून्यावर, आणि इंजिनाच्या मागून बारीक सूंऽऽ आवाज. काकांनी नळी बाहेर काढली. वरून काळी, धड दिसणारी. वाकवली तशी खालच्या अंगाने वाळक्या शेंगेसारखी उकलली. बोट लावलं तर रबराचा चुरा हाताला.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. टर्बो पेट्रोल गाडीत पूर्ण जोरावर धुराचं तापमान ९०० अंशांच्या वर जातं, म्हणून मूळ डाउनपाइपभोवती कंपनीने पत्र्याचं कवच दिलेलं असतं. नवा पाइप जाड, कवच बसेना, म्हणून बसवणाऱ्याने ते काढूनच ठेवलं होतं. नळी पाइपापासून जेमतेम दोन बोटांवर. दोन महिने भाजत राहिली. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि बिलावरही काही नव्हतं. पाइप बदलून आणलात तर गाडी रॅम्पवर असतानाच ‘माझ्या गाडीचे कोणते भाग परत बसले नाहीत’ हा एक प्रश्न सरळ विचारा.

नळ्या नाना पेठेतून आणल्या. तिथे गाडीचं मॉडेल सांगत बसण्यापेक्षा जुना तुकडा दाखवलेला बरा. उष्णतेची सिलिकॉन नळी मागा, आणि आतला व्यास मोजून घ्या; अर्धा मिलिमीटर सैल असली तरी दाबाखाली निसटते. मीटरभर नळी, क्लिपा आणि वरून चढवायची काचतंतूची बाही, सगळं मिळून ५४० रुपये. कवच मात्र नव्याने करून घ्यावं लागलं. काकांच्या ओळखीच्या पत्रेवाल्याने पाइपापासून बोटभर अंतर राहील असं बेतलं, १,२०० घेतले. दोन्ही बिघाडांचा सगळा खर्च, डोंगल आणि अॅप धरूनही, रीमॅपच्या कोटेशनच्या पाव भागात बसला.

यानंतरच्या आलेखात ५,०००च्या वर दाब मागणीपेक्षा आठ-दहा किलोपास्कल जास्त दिसत होता. कोड येत नव्हता. मोकळ्या पाइपचा खरा परिणाम असेल तर एवढाच. ट्यूनिंगवाल्याचं म्हणणं निव्वळ थाप होतं असं नाही, पण गाडी न बघता बत्तीस हजार मागायचा तो विषय नव्हता.

एप्रिलच्या मध्यावर पीयूसी संपत होती. बीएस-४ गाडीला ती वर्षभराची मिळते, पेट्रोल चारचाकीचं शुल्क १२५ रुपये. १६ तारखेला पंपावरच्या केंद्रात गेले. नळी आत घातली, आयडलला कार्बन मोनॉक्साइड मर्यादेत (बीएस-४ला ०.३ टक्के), हायड्रोकार्बन मर्यादेत (२०० पीपीएम). मग २,५०० आरपीएमला धरून लॅम्डा, म्हणजे हवा आणि इंधनाच्या प्रमाणाचा आकडा, बघतात, तो ०.९७ ते १.०३मध्ये यावा लागतो. माझा १.०७. नापास. धूर स्वच्छ, तरी नापास! रांगेतल्या एकाने दुसऱ्या केंद्राचा पत्ता सांगितला, “तिथं होतं.” ते काही केलं नाही. लॅम्डा जास्त म्हणजे धुरात हवा जास्त. इंजिन नीट चालतंय आणि तरी हवा जास्त, तर ती बाहेरून शिरत असणार. पाइपाच्या जोडातून धूर धक्क्याधक्क्याने जातो, दोन धक्क्यांच्या मध्ये आतला दाब क्षणभर बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि फटीतून हवा आत ओढली जाते. काकांनी मधल्या फ्लँजला साबणाचं पाणी मारलं, बुडबुडे आले. पॅकिंग १५० रुपयांचं. १८ तारखेला लॅम्डा १.०१, पास. प्रमाणपत्राचा निरोप नोंदणीतल्या मोबाइलवर येतो, नंबर बदलला असेल तर आधी तो बदलून घ्या.

पीयूसी मिळाली, पण त्याच आठवड्यात पी०४२० आला. कन्व्हर्टरनंतरचा सेन्सर सांगतो की शुद्धीकरण पुरेसं होत नाहीये. दोनशे सेलमध्ये धुराला अडवणारी जागाच कमी, तेव्हा हे अपेक्षित होतं. यावर बाजारात एक चारशे रुपयांचं आटे पाडलेलं तोंड मिळतं, सेन्सर धुरापासून जरा लांब बसवतं, लाईट विझतो. धूर तोच राहतो. कायद्याचं बघितलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी ठामपणे सांगितलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर प्रदूषण आणि आवाजाच्या निकषांसाठी कलम १९०(२)खाली दंड दहा हजारांपर्यंत जातो, लायसन्सही तीन महिने अडकू शकतं. एआरएआय टेकडीवर आपण सगळे फिरायला जातो. तिथे ज्या वाहन संशोधन संस्थेचं नाव टेकडीला पडलंय, तिच्यासारख्या संस्थांकडून गाड्यांच्या धुराची प्रमाणपत्रं निघतात, ती मूळ कन्व्हर्टरसकट गाडीची. विमा कंपनीला मेल टाकून विचारलं तर उत्तर यायला आठवडा लागला आणि ते असं, की एक्झॉस्टमधला बदल कळवणं बंधनकारक, दाव्याच्या वेळी सर्व्हेयर ठरवेल. म्हणजे काही झालंच तर वाद माझ्या डोक्यावर.

दोनशे आरपीएम आधी बूस्ट मिळावा म्हणून एवढं कोण सांभाळत बसणार? मूळ डाउनपाइप परत चढवायचा ठरवला. मधला स्टेनलेस पाइप आणि मागचा डबा ठेवला, कारण मूळचे गेलेलेच होते आणि आवाज मूळच्याइतकाच आहे.

हे काम १० मेला झालं आणि सगळ्यात कटकटीचं तेच निघालं. टर्बोच्या तोंडावरचे स्टड उष्णतेने धरलेले असतात. आदल्या संध्याकाळी गाडी थंड झाल्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवला, तरी एक स्टड तुटला. तो काढायला वेल्डरला बोलावलं, त्यात दुपार गेली. स्टड, तांब्याचे नवे नट, टर्बोचं पॅकिंग, मजुरी मिळून ४,८००. नट जुने वापरू नका आणि पॅकिंग तर नाहीच.

मूळ कवच आता बसलं. सिलिकॉनच्या नळ्या तशाच ठेवल्या. नवले पूल ते बोगदा, तीच चढण: १७५ मागणी, २,१००ला १७५, वर सरकणं बंद.

एक शेवटची गोष्ट, कारण यात मीही गोंधळले होते. कोड पुसून लाईट गेला म्हणजे दुरुस्त झालं असं नसतं. पुसल्यावर ईसीयूच्या सगळ्या चाचण्या कोऱ्या होतात आणि कन्व्हर्टरची चाचणी पुरी व्हायला वेळ लागतो. थंड इंजिन सुरू करणं, एका वेगाने बराच वेळ चालवणं, असं सगळं व्हावं लागतं. अॅपमध्ये ‘रेडिनेस’ म्हणून पान असतं, त्यात कॅटॅलिस्टसमोर ‘पूर्ण’ दिसेपर्यंत गॅरेजचं काम झालं असं धरू नका. माझ्या गाडीत शहरातल्या फेऱ्यांनी ते होईना. २५ मेला रविवारी साताऱ्यापर्यंत जाऊन आले, येताना शिरवळच्या पुढे ते ‘पूर्ण’ झालं. साठवलेला कोड एकही नाही.

नवा डाउनपाइप विकायचा आहे का, असं दोघांनी विचारलं. त्यांना हे सगळं सांगितलं, मग त्यांनी विचारलं नाही.